माझ्या पोटावरचे हात

दौंड,
१६ ऑगस्ट १९५७

प्रिय आई,

तुला आणि बाबांना हन्नाचा सलाम. आम्ही दोघे बरे आहोत. फ्लूची साथ इंजिनशेडपर्यंत आली आहे, पण तुझे जावई रोज मिठाच्या पाण्याने गुळण्या करतात. शिरूरला कितपत आहे? बाबांचा खोकला कसा आहे?

काल मात्र मला फार किळस आली. प्रार्थनेला जमलेल्या बायकांनी, मूल व्हावे म्हणून, न विचारता माझ्या पोटावर हात ठेवले. त्यांतल्या राहेलमावशींनी त्याच हाताने नुकतेच नाक पुसले होते. दर महिन्याला दोरीवर वाळणारी माझी फडकी त्या मोजतात म्हणे! वर म्हणाल्या, "बायबलातली हन्ना रडून रडून लेकरू मागत हुती. तुला तोंड न्हाई व्हय गं?"

आई, देवाने दिले नाही असे नाही. साथ सरेपर्यंत आम्हीच थांबलो आहोत. शेजारच्या वच्छलाबाईंचे बाळ या फ्लूच्या तापात, सातव्या महिन्यात पोटातच गेले. ते मी पाहिले आहे.

पण हे मी बोलले नाही, आणि शेवटी सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटले. मनात नसेल तर आमेन म्हणू नये, हे बाबांनीच मला घरी शिकवले होते. घरी येऊन साबणाने पोट घासले, पण तो शब्द काही धुतला जात नाही.

पुढच्या गुरुवारी त्या बायका प्रार्थनेला आमच्याकडे येणार आहेत. मी दारातच खरे सांगणार आहे.

आणि आई, तूही तिकडे हेच मागत असशील, तर साथ सरेपर्यंत थांब.

तुझी,
हन्ना