गोल पिनेचा की-बोर्ड

प्रिय प्रतिभा,

पेठला तुझी बदली झाल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. अब्बांना दवाखान्यातून घरी आणलंय. उजवी बाजू अजून लुळीच आहे, तोंडून शब्द नाही. त्यांना सगळं समजतंय पण बोलता येत नाही, की समजतच नाही, ते एवढ्यात सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला त्यांच्या डोळ्यांत बघायची भीती वाटते.

बोलता येत नसेल तर टाइप करतील, म्हणून मी लॅपटॉप पुढे ठेवला. त्या चपट्या बटणांवरून अब्बांनी डावा हात काढून घेतला. मग आठवला कोर्टाबाहेरच्या टेबलावरचा त्यांचा खटखट वाजणारा की-बोर्ड, ज्यावर तुला त्यांनी मराठी टायपिंग शिकवलं. त्याची पिन जाड, गोल, पाच काट्यांची. आजच्या कॉम्प्युटरला तसं भोकच नसतं. अब्बांना ओळखणारा मेनरोडचा दुकानदार हसला, "शौकतभाईंचा? म्युझियमला द्या ना, ताई!" तरी त्याने एक जोडपिन शोधून दिली. घरी लावली तर की-बोर्डचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, पुढे अक्षर उमटेना. दिवे लागतात, शब्द येत नाही. अब्बांकडे बघून मला रडूच फुटलं. अम्मी म्हणाली, "कशाला छळतेस त्यांना? पडू दे निवांत." दुसऱ्या दिवशी दुकानदारानेच सांगितलं, नुसती पिन बदलून भागत नाही, जुन्या की-बोर्डचं म्हणणं नव्या मशीनला कळवणारी, आत चिप असलेली डबी मधे लागते. ती मुंबईहून मागवली.

परवा दुपारी सगळं जोडलं आणि अब्बांचा डावा हात बटणांवर ठेवला. बराच वेळ तो नुसता फिरत राहिला. मग त्यांनी एकेक करून चार बटणं दाबली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली : व्ही, जे, मोठा क्यू, के. मला वाटलं, संपलं, आत काही उरलं नाही. मी घाबरून वायर उपटली. त्यांच्यासमोर.

संध्याकाळी भाकरी थापता थापता माझा हात थांबला. अब्बांनी जन्मात इंग्रजी टाइप केलेलं नाही. मराठीचा फॉन्ट लावला की त्याच बटणांतून मराठी अक्षरं उमटतात; तो लावायला मीच विसरले होते.

टायपिस्टच्या मुलीला एवढं कळू नये? आठव ना, मी तुझ्याशेजारी शिकायला बसले की ते मला उठवायचे. "तू टाइप नाय करायचं. तू लिहायचं, दुसऱ्यांनी टाइप करायचं." त्या हट्टापायी घरातली पहिली पदवी मला मिळाली, आणि आज त्यांचंच लिहिलेलं मला वाचता येत नाही.

परवापासून अब्बांनी हात उचललेला नाही. कुठल्या बटणाला कुठलं मराठी अक्षर, त्याचा तक्ता मोबाईलवर मिळतो. दोनदा उघडला, न बघताच बंद केला. तुझं घोकणं ऐकून एवढं ठाऊक आहे की पहिलं बटण 'अ'चं आणि शेवटचं कान्याचं. मधली दोन, जे आणि मोठा क्यू, कुठली अक्षरं ते तू सांग. फोनवर विचारलं असतं तर माझा आवाज ऐकून तू खोटं बोलली असतीस, म्हणून हे पत्र पेठच्या गाडीने पाठवतेय. अर्थ लागत नसेल तर तसंही स्पष्ट लिही. वायर मी पुन्हा जोडणारच आहे. फक्त या वेळी त्यांच्यासमोर बसताना माझ्या चेहऱ्यावर भीती दिसायला नको.

तुझीच,
अरफा