पदराची पिन

माय, आज सकाळी पदराला पिन लावताना ती माझ्याच बोटात गेली आणि तोंडातून तुझे शब्द निघाले, "राहू दे, हात चुकला." तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी तशीच पलंगावर बसले आणि लिहायला घेतलं.

तुझे हात आधी गेले. टेंभुर्णीच्या घरात आजोबा ओसरीवर बसलेले असायचे, आणि त्यांच्यासमोरून जाताना तुझ्या डोक्यावर पदर नसायचा. मान खाली घालून, पदराचं टोक दातात धरून तू तो वर घ्यायला बघायचीस, तो घसरायचा. आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "सूनबाई लई मोठी झाली आता. सासऱ्याची लाज न्हाई राह्यली." घरानं त्याला मुजोरी ठरवून टाकलं. हात वरच जात नाही, असं तू एकदा सांगितलंस, तर बाबा म्हणाले, "भाकरी थापायला तर बराबर चालतो." भाकरी थापायला हात वर न्यावा लागत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या पापण्या जांभळ्या होऊन सुजायच्या, बायका म्हणायच्या, रडत असेल. मग माझ्याकडे काम आलं, रोज तुझी वेणी घालायची आणि पदर केसांना पिनेनं अडकवून द्यायचा. मला त्याचा कंटाळा यायचा आणि मी तो लपवतही नव्हते.

वाटूरची माणसं मला बघायला आली तो दिवस. मुलगा मला फोटोतच आवडलेला. माझ्याच आवरण्याच्या नादात मी तुझी पिन लावायची विसरलेय. तू बैठकीत येतेस, पदर खांद्यावर, आणि एका पायात चप्पल. मागच्या दारातून येताना ती पायातच राहिलीय आणि तुला पत्ता नाही. मुलाची आत्या आधी तुझ्या पायाकडे बघते, मग डोक्याकडे. चहा अर्धा ठेवून ते उठले. कळवतो म्हणाले, कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिन लावताना मी म्हणाले, "माझं वाटोळं करायला बसलीस का?"

"पायात चप्पल हाये का न्हाई, तेच कळून न्हाई राह्यलं गं."

"बंद कर तुझी नाटकं," मी म्हणाले, आणि पिन तुझ्या डोक्यात गेली. भांगात कुंकवाशेजारी रक्ताचा थेंब आला. तूच म्हणालीस, "राहू दे, हात चुकला तुझा." मी हो म्हणाले.

जालन्याचे डॉक्टर भेटेपर्यंत आणखी बरेच महिने गेले. हात वर करा म्हटल्यावर तुझे हात छातीपर्यंत येऊन थांबले. त्यांनी सांगितलं, स्नायूंना सूज आलीय, फार थोड्यांना होणारा आजार आहे, आणि त्याच्यासोबत नसाही गेल्यात. मग तुला डोळे मिटायला लावून त्यांनी तळपायाला पिन टोचली. "टोचतंय?" "न्हाई." पोटरीला टोचली. "न्हाई." आणि डोळे न उघडता तू म्हणालीस, "पायाचं न्हाई कळत, डॉक्टरसाहेब. डोक्याचं सगळं कळतं." डॉक्टर हसले, बाबाही हसले. मी तुझी चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकले.

पुढे घास गिळेना, पाणी नाकातून यायला लागलं. गेलीस तेव्हा बायकांनी तुला साडी नेसवली, पदर डोक्यावरून घेतला, आणि तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही. आजोबा म्हणाले, "लई गुणाची होती." मला त्यांची भयंकर चीड आली, आणि बरंही वाटलं. दोष द्यायला घरात एक माणूस मिळालं होतं.

हे पत्र साड्यांच्या खाली ठेवून देईन. नवऱ्याला मी इतकी वर्षं हेच सांगत आले, की आईचा पदर लावताना एकदा माझा हात चुकला. चुकला नव्हता, माय. टोचायची म्हणूनच टोचली होती, आणि तू ओरडली नाहीस म्हणून आणखी दाबली होती.