दीपमाला बिबडा

प्रिय दीपमाला,

फोन केला असता तर तू लगेच रडली असतीस आणि मी विरघळले असते. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच.

आपल्या प्रकाशा गावच्या शाळेत आपण दोघींनी केलेली भाषा आठवते ना? बाकी सगळं साधं, फक्त विशेषणं आपली. लाल, मोठं, आळशी असले शब्द तिच्यात नव्हतेच; त्यांच्या जागी गावातल्या माणसांची नावं. येते येते म्हणत न येणारी एसटी सोनीबाई. मीठ जास्त पडलेली भाजी रमिलाबाई, आणि तोंडात घालवेना इतकी खारट असली तर रमिलाबाई रमिलाबाई. भित्रं कुत्रं हिंमतराव. पुढे हिंमतरावांनी तापीच्या पुरात उडी मारून वासरू काढलं, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून जाहीर केलंस की माणूस सुधारला, नाव परत! किती हसलो होतो गं. तितकं मी पुन्हा कधी हसले नाही.

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आल्यावर मी त्या भाषेत एकच शब्द घातला, तोही फक्त तुझ्या कानात. दूध शोधावं लागतं तो चहा गजराबाई. गजराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जीभ वळवळली, चूक माझी, कबूल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बिबडे घालायला मी तुला हौसेनं बोलावलं. अंगणभर बाया ओल्या कापडावर ज्वारीचं शिजवलेलं पीठ पापडासारखं थापत होत्या. चहा आला, तू कपात बघून फिसकन हसलीस. शेजारच्या प्रमिलाबाईंनी कारण विचारलं आणि तू सगळं ओकलीस, अर्थासकट, वर माझ्याकडे बोट दाखवून. सासूबाई समोरच होत्या. त्या हात न धुता उठून आत गेल्या. तू संध्याकाळी गरम पिठाचा डबा घेऊन बसमध्ये बसलीस. मी राहिले. वर्षभर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. पहाटे उठून स्वतःचा कप स्वतः करायच्या. मी पाय धरले, रडले, काही उपयोग झाला नाही. तू मात्र म्हणालीस, अगं, गंमत होती.

आठ दिवसांपूर्वी पुन्हा बिबडे घातले. वाळल्यावर कापडावरून सोडवताना एक टरकन फाटला. वरून दिसायला कसा गुळगुळीत, हात लावला की दोन तुकडे! सासूबाईंनी तो उचलून सगळ्यांना दाखवला, "हाऊ बिबडा दीपमाला शे!" प्रमिलाबाई पोट धरून हसल्या. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या, "जाय, चहा मांड. तुन्हा हातना." मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले. गजराबाई हा शब्द त्याच दिवशी पुसला.

तुझा राहिलाय. काल दुधाच्या फुटक्या पिशवीलाही गल्लीत दीपमाला म्हणाले. प्रमिलाबाईंचं माहेर प्रकाशाचं, म्हणजे शब्द तुझ्याआधी तिथे पोचलाय. आखाजीच्या सणाला तू माहेरी येशील, झोक्यावरच्या पोरींच्या तोंडी तुझं नाव ऐकशील आणि कुणी लाडानं हाक मारली समजून वळशील. तसं होऊ नये, म्हणून अर्थ आधीच कळवतेय: वरून धड, पण पोटात काही न टिकणारं. नाव परत हवं असेल तर आमच्या अंगणात ये, त्याच बायांसमोर सासूबाईंचे पाय धर. चहा मी करीन. दूध किती घालायचं, ते त्या ठरवतील.

अजून तरी तुझीच,
भूमिका