उष्टं पाठांतर

३ जून
आले एकदाची! मेंदूचा अभ्यास करणाऱ्या या केंद्रात ऐसपैस खोली मिळाली. काम काय, तर संस्कृत सूक्तं तोंडपाठ करायची. डॉक्टरीणबाई आधी आणि नंतर माझ्या मेंदूचे फोटो काढणार. घोकंपट्टी जमत नाही म्हणून शाळेत छड्या खाल्ल्या, आता तिच्यावरच पोट भरायचं! ठकीला, माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, आईकडे ठेवलंय. महिनाअखेर आई तिला इथे आणून सोडेल.

५ जून
शिकवणारे गुरुजी ऐंशीच्या पुढचे. पुस्तक चालत नाही. त्यांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा. चुकले की ओलसर बोटांनी माझी हनुवटी धरतात. मधूनच वाटीत बेडका टाकतात आणि वाटी सरकवतात माझ्याच बाजूला. शी! घास उतरला नाही. सूक्त मात्र असं पाठ झालं की विचारू नका.

११ जून
डॉक्टरीणबाई जाम खूश. म्हणाल्या, स्मरणाचा भाग कसा भरून आलाय! मी म्हटलं, सकाळपासून जिभेवर न धुतलेल्या कवळीची चव आहे, आणि माझे दात तर शाबूत आहेत. त्या हसल्या नुसत्या.

१७ जून
एका बाईचं प्रेत धुतल्याचं आठवतंय. तिची कातडी सुटून हाताला चिकटली. हात केसाळ, पुरुषाचे. गुरुजींना सांगितलं, तर म्हणाले, ती माझी बायको असेल, आता मला आठवत नाही, सुटलो. मग छाती चोळत म्हणाले, ठकी अंगावर पिताना फार चावायची.
मी ओकले. सूक्तांबरोबर त्यांचं उष्टं माझ्यात येतंय, आणि माझं—

२० जून
निघून जायचं ठरवलं. ओठ दाबून धरले तरी जीभ आतल्या आत म्हणतेच आहे. एक ओळ झाली, ठकीचं पहिलं पाऊल गेलं. आणखी एक, तिचा आवाज गेला. आईला कळवायला हवं, पोरीला आणू नकोस— नंबर— घर कुठल्या गावात—

३० जून
एक म्हातारी एक पोर सोडून गेली. शेंबडं, घामट. धावत येऊन माझ्या मानेला चिकटलं. किळस आली. ढकलून दिलं. गुरुजींनी त्याला मांडीवर घेतलं, कानात काहीतरी गुणगुणले. पोर त्यांना आई म्हणालं.
बरं झालं. ब्याद टळली.
या वहीत जागोजागी ठकी लिहिलंय. कोण ही? त्या पोराला ठाऊक असेल. विचारायला दाराशी गेले, तर गुरुजी एकदा सूक्त म्हणत होते, आणि त्यांच्यामागून पोर दोनदा.