चंद्रीच्या गव्हाणीजवळून

प्रिय मोठी माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला नीट लिहिता येत नाही, म्हणजे आपण दोघं बरोबरीचे. तरी लिहितो आहे. उद्या शेलूबाजारचा बाजार आहे आणि मोठे बाबा आपल्या घोडीला, चंद्रीला तिथं नेऊन विकायचं म्हणत होते. आज सकाळी तिच्या या कोठ्यात जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? गव्हाणीला टेकून बसलो आहे. एकेक वाक्य लिहितो आणि मोठ्यानं वाचतो. चंद्री कान हलवते. पुढं तुझ्यापर्यंत पोहोचवायचं काम तिचं.

तू गेल्याचं मला मेडशीच्या रस्त्यावर कळलं. मी कापसाच्या गाड्यांबरोबर होतो. त्याआधी विहिरी खोदणाऱ्यांबरोबर होतो, आणि त्याआधी मोगलाईत एका अत्तरवाल्याची पेटी वाहत होतो. त्या अत्तरवाल्याला स्वतःला वासच येत नसे! ते राहू दे. तर आपल्या गावचा कासार समोरून आला, बांगड्यांचं ओझं खांद्यावरून उतरवलं आणि म्हणाला, "नाम्या, तुही मोठी माय गेली ना बे. तापानं. तेरवीबी झाली."

मी गाडीवरून उडी मारली. गाडीवान ओरडला, "अबे, कुठी चालला?"

"घरी," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून किती वर्षांनी निघाला असेल?

मोठे बाबा ओट्यावर बसले होते. दुखरा गुडघा लांब केलेला. तू मला ज्या नावानं हाक मारायचीस त्याच नावानं त्यांनी हाक मारली, आणि तिथंच माझा धीर सुटला. "आला का भवरा? जेवला का?" मग गुडघा चोळत म्हणाले, "तुही मोठी माय गेली, आता घोडीबी चालली. दोन घास घेते अन् मान फिरवते. माह्या डोयासमोर उपाशी मरण्यापरीस दुसऱ्याच्या दारी जाऊन खाईन त बरं."

मोठे माय, तुझी चंद्री! बरगड्या मोजता येतील अशी झाली होती. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्या मागं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

आठवतं का, ती आपल्याकडे आली तेव्हा याहून वाईट होती? मोगलाईतल्या व्यापाऱ्यानं ओझी लादून लादून पाठ सोललेली घोडी. बाजारात तिला कोणी हात लावेना. तू तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या चंद्राला हात लावलास आणि मोठ्या बाबांना म्हणालीस, "हे आपली हाय." मोठे बाबा म्हणाले, "आपली कशी? आत्ता त पाह्यली!" तू दावं हातात घेऊन चालू लागलीस. हळद आणि तेल लावून लावून ती पाठ तू अशी बरी केलीस की पुढच्या वर्षी तिच्यावर ऊन पडलं की चमकायचं.

मोठ्या बाबांचा गुडघा गेला आणि तू स्वतःच चंद्रीवर बसून बाजारात जाऊ लागलीस. काय ते दिवस! पारावरची माणसं म्हणायची, "वहिनी, बाई घोडीवर बसली त गावात पाणी पडत नाही बरं!"

तू घोडी न थांबवता म्हणायचीस, "नाही पडलं त सांगा. घोडीवर बसूनच घेऊन येईन."

चंद्रीच्या पाठीवर खुर्जी, तिच्या दोन्ही झोळ्यांत तुरीचं भुसकट, कुटार भरलेलं, कुटारात अंडी. चंद्री चालायची कशी, तर जणू तिच्या पोटात कोणी झोपलं आहे आणि त्याला जागं करायचं नाही. एकदा बाजारातला एक दुकानदार तुला म्हणाला, "घोडीवरून हालत आलेली अंडी. आतमंदी पिवयं-पांढरं एक झालं असन." तू एक अंडं घेतलंस, त्याच्याच तळहातावर फोडलंस आणि म्हणालीस, "पाह्य. डोये हायेत ना?" पिवळा बलक त्याच्या हातावर कसा गोल, टपोरा उभा! बिचारा तो हात कुठं पुसू म्हणून इकडं तिकडं बघत राहिला. मी इतका हसलो की माझ्या हातातली जिलबी मातीत पडली. ती जिलबी नंतर कोणी खाल्ली ते सांगत नाही.

आणि तुझ्या कोंबड्या! गाव म्हणायचं, कोंबड्या घोडीच्या कोठ्यात ठेवू नये, चाऱ्यात पिसं पडतात. तू हसायचीस. "चंद्रीच्या खुरापाशी मुंगूस येते का? येऊन पाह्य म्हणा." खुडूक झालेली, अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी तू गव्हाणीच्या कोपऱ्यात टोपलीत बसवायचीस. अंडी उन्हाकडे धरून पारखायचीस, आणि वीज कडाडली की अंडी खराब होतात म्हणून टोपलीत लोखंड ठेवायचीस. लोखंड कोणतं, तर चंद्रीच्या जुन्या नालेचा खिळा! दुसरं लोखंड घरात नव्हतं का? होतं की. पण तुला तोच लागायचा. एकदा मी विळ्याचा तुकडा आणून दिला तर म्हणालीस, "हे शेताचं लोखंड हाय. याले कोंबडीचं काय समजते?"

अंगणात उभी राहून तू "तीऽ तीऽ तीऽ" केलंस की कोंबड्यांच्या आधी चंद्री मान वर करायची. हे मी शंभरदा पाहिलं होतं. पाहिलं आणि काहीच समजलो नाही! पण मी एकटाच नाही, कोणीच समजलं नाही.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. सुतकाच्या घरात कोंबड्या नकोत, अंडी-कोंबडी खायच्या मोहाला कारण नको, म्हणून बायांनी तुझ्या सगळ्या कोंबड्या शेजारच्या सखूकाकूच्या डालग्याखाली नेऊन ठेवल्या. तुझा मान राखावा म्हणून कोठा झाडला, गव्हाणीतलं कुटार न् कुटार काढलं, टोपली जाळली, शेणानं सारवून लखलखीत केलं. इतका स्वच्छ कोठा तू असताना कधीच नव्हता. चंद्री त्या स्वच्छ कोठ्यात उभी राहिली आणि खायची थांबली.

मग काय काय नाही केलं! गूळ दिला. भिजवलेले हरभरे दिले. भगतानं लिंबू उतरवलं. मोठ्या बाबांनी तुझं हिरवं लुगडं गव्हाणीवर टाकलं. चंद्रीनं ते हुंगलं, श्वास सोडला आणि तोंड फिरवलं. सगळे म्हणाले, घोडीनं मालकिणीचा ध्यास घेतला. मीसुद्धा तेच म्हणालो. खोटं होतं असं नाही. पण तेवढंच होतं का?

आज सकाळी मी चंद्रीला शेवटचा खरारा करत होतो. उद्या परक्यांपुढं नीट दिसावी म्हणून. तेवढ्यात पलीकडून सखूकाकूचा आवाज आला, "धर रे धर! काबरी पयाली! खुडूक झाली मेली, अंगाले हात लावू देत नाही!" आणि तुझी काबरी कोंबडी कुंपणाखालून घुसली, अंगण ओलांडलं, मागं काकू झाडू घेऊन. मी दार अडवलं तर माझ्या पायांमधून आत, चंद्रीच्या चारही पायांमधून पुढं, आणि टुणकन गव्हाणीत! तिथं ती कोपऱ्यात गोल फिरली, कडबा पायानं मागं सारला आणि बसली. जिथं टोपली असायची तिथंच.

काकू आत येऊ लागली. मी हात वर केला. का केला ते मला अजून माहीत नाही.

चंद्रीनं मान खाली घातली. काबरीच्या पाठीवर नाक नेऊन एक लांब फुंकर मारली. पिसं उलटी झाली. काबरीनं तिच्या नाकावर टोच मारली, जशी तुझी प्रत्येक खुडूक मारायची. आणि मोठे माय, चंद्रीनं काबरीच्या बाजूचा कडबा ओढला. एक घास. मग दुसरा. मग ती खातच राहिली. काकूच्या हातातला झाडू खाली पडला. "बाप्पा! इच्यापायी अडली होती काय इची भूक?"

आम्हाला सगळ्यांना वाटायचं, घोडी कोंबडीला राखते. कोंबडी घोडीला राखते हे एकट्या तुला माहीत होतं! ती पाठ सोललेली, कोणालाही जवळ येऊ न देणारी घोडी पहिल्या वर्षी खाऊ लागली ती अशीच ना? तूच तिच्यासमोर कोंबडी बसवली असशील. मग हे कोणाला का सांगितलं नाहीस? निदान मोठ्या बाबांना? की तुला वाटलं, डोळ्यांसमोर आहे ते काय सांगायचं? मोठे माय, सगळ्यांना तुझ्यासारखे डोळे नसतात गं.

मी सखूकाकूकडून तुझ्याच कोंबड्यांची अंडी आणली. उन्हाकडे धरून पारखली. नवी टोपली, खाली कुटार, आणि नालेचा खिळा. तो कुठं सापडला असेल? खुंटीच्या फटीत, तू ठेवला होतास तिथंच. सारवणाऱ्या बायांच्या हाताला लागला नव्हता. काबरीनं एकेक अंडं चोचीनं पोटाखाली घेतलं.

मोठे बाबा लंगडत आले. "हे काय करून ठेवलं बे?"

"खुडूक बसवली."

"इथं? उद्या घोडी न्याची हाय."

"न्या ना. मी काय अडवतो का? पण बसलेली कोंबडी हालवू नाई, असं मोठी माय म्हणे."

ते गव्हाण धरून टोपलीकडे पाहत राहिले. चंद्री कडबा चावत होती. मग म्हणाले, "पिल्लं निघेलोक पाहीन कोण? माह्याच्यानं वाकवत नाही. अन् तू त भवरा. उद्या कोण्या गाडीवर चढशील."

"नाही चढत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाठ फिरवली आणि जाता जाता म्हणाले, "दावं सैल कर जरासं. मान पुरली पाह्यजे तिची तिथलोक." मग अंगणातून मी ऐकलं, ते काकूला सांगत होते, "उद्या बाजाराले नाही जात मी. पाय लय दुखून राह्यला."

तर मोठे माय, पिल्लं निघेपर्यंत मी इथून हलत नाही. त्यानंतरचं वचन देताना मला भीती वाटते, तू मला ओळखतेस. रस्त्यावर घुंगरं वाजली की माझे पाय आपोआप उठतात. आत्ताच एक गाडी गेली. मी वर पाहिलं आणि पुन्हा खाली बसलो.

पण तुझी रीत मला पाठ आहे: एकीची पिल्लं पंखाखालून सुटली की दुसरी बसवायची. आज तुझी दुसरी कोंबडी, टिकलीसुद्धा पिसं फुगवून कुरकुरत हिंडते आहे. तिच्यानंतर आणखी कोणी कुरकुरेल. या घरात खुडूक कोंबड्यांना तोटा कधी होता? म्हणून वचन एवढंच: ही गव्हाण मी रिकामी ठेवणार नाही.

तुझा,
गव्हाणीला टेकलेला भवरा