उत्तर न मानणारे जंतू

३ एप्रिल
आज रुजू झाले. नशिराबादच्या पुढे, आडरस्त्याला, केळीच्या बागांमध्ये एकटी उभी असलेली ही प्रयोगशाळा मला पाहताक्षणी आवडली. अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजायला अशीच शांतता लागते. आमच्या यंत्राचा जीव म्हणजे नखाएवढा हिरा. हिरवा लेझर पडला की तो लाल उजळतो आणि जवळ नावापुरतं जरी चुंबकत्व असलं, तरी ती लाली बदलते. सहकारी युवराज जामनेरचा, भलता बडबड्या. माझ्या स्वागताला त्यानं घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. ऊन मरणाचं. मागच्या विहिरीचं गार पाणी दोघं तांब्यामागून तांब्या प्यालो.

६ एप्रिल
त्याच विहिरीतला गाळ हिऱ्यावर घेतला. गाळात काही जंतू असे असतात, की त्यांच्या पोटात लोहकणांची माळ असते; होकायंत्रासारखे ते उत्तरेला वळतात. हे वळले नाहीत. झाडून सगळे विहिरीकडे तोंड करून राहिले. काचपट्टी फिरवली, तर पुन्हा तिकडेच फिरले. युवराज म्हणाला, विहिरीत जुना पंप पडला असेल. होकायंत्र घेऊन कठड्याशी गेले. काटा मुकाट उत्तरेला. मग जंतूंना कोण वळवतं? शोधल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

९ एप्रिल
युवराज गप्प झालाय. जेवतानाही तोंड विहिरीकडे. त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिऱ्यावर ठेवलं. त्यात त्याच माळा. मग माझं ठेवलं. माझ्यातही. पाणी बंद केलं. त्याला म्हटलं, घरी जा. म्हणाला, निघालो होतो, मोटारसायकल सुरूही केली... पुढचं त्याच्या खानदेशी बोलीतच पुटपुटला, "मृणालीताई, मना पाय मनं ऐकतस नहीत." स्वतःचेच पाय त्याचं ऐकत नाहीत.

१० एप्रिल
भर दुपारी तो कठड्यावर उभा. कमरेला धरून मागे ओढला. जळगावहून रुग्णवाहिका मागवलीय. ती येईपर्यंत टिकायचं.

थोड्या वेळानं
आता माझेही पाय — ओढणीनं दोघांना खांबाला बांधलंय. तो रडतोय. मी ओरडून विहिरीला सांगितलं, याला देणार नाही. मलाही नाही.

मान वळते. मी परत वळवते. वळते — परत. उत्तरेकडे बघूनच लिहिणार.

लांबून भोंगा ऐकू येतोय. गाठ सैल — युवराज नाही, माझाच डावा हात सोडवतोय. बोटं दातांत धरलीत. रक्त येतंय, येऊ दे. ओढ, किती ओढतेस ती. मी सोड—