बेडकांचं पाणी

प्रिय ठमे,

तू विचारून अडीच महिने झाले. दोनदा आठवणही करून दिलीस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. सुट्टी संपून तू कामावर जाशील तेव्हा बाळाला दिवसभर मी सांभाळावं, तुझ्याकडेच राहायला यावं, एवढंच तर म्हणालीस. दुसरा आजोबा असता तर त्याच दिवशी पिशवी भरून दारात बसला असता. मी घाबरलो. आणि घाबरून काय केलं, तर दोन बेडूक पाळले. हसू नकोस, सगळं वाच.

शेजारचे प्रोफेसर तुला माहीत आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात त्यांची हयात गेली, पण आमच्या जिन्यावर ते प्रोफेसरच. त्यांच्याकडे भेकांची जोडी होती. भेक म्हणजे खरखरीत अंगाचा, डोक्यामागे दोन फुगीर गाठी असलेला बेडूक. उड्या कमी मारतो, चालतो जास्त. प्रोफेसरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, जोडी कुणाकडे ठेवायची हा घोर त्यांना लागला आणि मी बोलून गेलो, माझ्याकडे द्या. मनात म्हटलं, बघू तरी, दोन जीव माझ्या हाताखाली टिकतात का. टिकले तर तुला हो म्हणायचं.

काचेची पेटी, तळाला ओली माती, लपायला पालथं घातलेलं अर्धं मडकं आणि पाण्याचं ताट, एवढाच त्यांचा संसार. पण माझी झोप उडाली. झाकण उडवून पळतील म्हणून वर विटा ठेवल्या. मग हवा कोंडेल म्हणून एक काढली. ती कमी वाटली म्हणून परत ठेवली. हे प्राणी मेलेलं काही खात नाहीत, समोर हललं तरच जीभ बाहेर. मी माती उकरून गांडुळं आणायचो, आणि मादी चार दिवस ढुंकून बघेना. मी तिच्या गळ्याची धडधड मोजत बसायचो. दिवसातून तीनदा प्रोफेसरांची कडी वाजवली तेव्हा ते वैतागले, ‘‘अहो पंपवाले, भूक लागली की खाईल ती. तुम्ही असे टक लावून बसलात तर मलासुद्धा घास उतरायचा नाही.’’ पाचव्या दिवशी तिने खाल्लं.

पुढच्या महिन्यात नर ओरडायला लागला. दोघांना गॅलरीतल्या पाण्याच्या टबात सोडलं, तर त्याने तिच्या पाठीवर बसून काखेत अशी मिठी मारली की मला वाटलं, जीव घेतोय तिचा. सोडवायला हात घातला, तेवढ्यात प्रोफेसर कुबड्यांवर ओरडत आले, ‘‘कबाबमध्ये हाडूक होऊ नका!’’ दुसऱ्या दिवशी टबात अंडी होती. चिकट दोऱ्यात ओवलेले काळे मणी, हातभर नव्हे, चांगले चार हात लांब.

माझ्याने राहवलं नाही. अर्धी माळ अलगद कापून आत आणली, पसरट घमेल्यात, माझ्या नजरेसमोर. उरलेली टबातल्या झाडाला गुंतली होती, ती तशीच राहिली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, त्यातलं औषध उडालं की मगच वापरायचं, हे प्रोफेसरांनी बजावलं होतं. ते मी अगदी पाळलं. पण तिसऱ्या दिवशी घमेल्यातलं पाणी जरा गढूळ दिसलं. ठमे, चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली. पाणी गढूळ दिसलं की माझा हात आपोआप ब्लीचिंग पावडरच्या डब्याकडे जातो. नळात असतं तेच औषध, एक चिमूट टाकली. रोग नको लागायला, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मणी पांढरे पडले. एकही उरला नाही.

आणि टबातली, जिथे माझा हात पोचला नव्हता, ती सगळी जगली. शेपट्या फुटल्या, मी उकडलेला पालक टाकत गेलो, मग पाय आले. बुडून मरू नयेत म्हणून कडेला उतरता दगड ठेवला. आता चाळीस-बेचाळीस पिल्लं आहेत, मुगाच्या दाण्याएवढी. प्रोफेसर म्हणतात, पंपवाले, पास झालात. मला तसं वाटत नाही. पांढरे पडलेले मणी बघून मला जे आठवलं, ते त्यांना ठाऊक नाही. तुलाही नाही.

तू आठ महिन्यांची असताना तापाच्या औषधाने दवाखान्यात तीन दिवस निपचित पडली होतीस. ते औषध तुझ्या आईने दिलं नव्हतं. ती शिलाईच्या कारखान्यात गेली होती. ताप तासाभरात उतरेना, म्हणून मी दुसरा चमचा दिला. मग तिसरा. मग चौथा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती मला मागे सारून म्हणाली, मीच दिलं, चुकले. चमचा मोजता न येणारा माणूस गावाच्या पाण्यात औषध टाकतो, असं बाहेर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी गप्प राहिलो. तुझ्या आत्याने तिला जन्मभर ऐकवलं. तूही मोठी झाल्यावर तिला म्हणायचीस, आई, तुझ्या हातून वाचले हेच खूप. ती हसून पोळी लाटत राहायची आणि मी ताटातलं जेवायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी गप्पच.

बाळाला माझ्या मांडीवर देण्याआधी हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. मला यायचं आहे गं, फार यायचं आहे. पण मला अजूनही भीती वाटली की जास्तच द्यावंसं वाटतं. तू ठरव. फक्त फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू लगेच ‘‘जाऊ दे बाबा’’ म्हणशील. पत्र लिही. आईवर जे अन्याय झाले ते सगळे आठव, मला काय बोलायचं ते बोल, आणि मग शेवटी लिही, ये किंवा येऊ नको.

तुझाच,
बाबा